वाचकांचे प्रश्न : बुरशीची वाट पाहणारी बाग

मागील अंकात जुन्या वाइनच्या किमतींविषयी एका वाचकाला उत्तर देताना आम्ही असा ओझरता उल्लेख केला होता की, शातो दिकेम या फ्रेंच मळ्याच्या गोड पांढऱ्या वाइनची १८११ सालची एक बाटली २०११ मध्ये ७५ हजार पौंडांना विकली गेली आणि पांढऱ्या वाइनच्या एका बाटलीला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या अंकाचे सदर आम्ही त्याच मळ्याला देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत, आणि किमतीविषयी केवळ आश्चर्य व्यक्त करणारी पत्रे बाजूला ठेवली आहेत, कारण त्या आश्चर्यात आम्हीही सहभागी आहोत.

प्रश्न : या नावाचा नेमका उच्चार काय आणि अर्थ काय? हा मळा फ्रान्समध्ये कोठे आहे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : उच्चार ‘शातो दिकेम’ असाच करावा. ‘शातो’ म्हणजे गढी किंवा किल्लेवजा वाडा, आणि ‘दिकेम’मधला आरंभीचा ‘द’ हा आपल्या ‘चा-ची-चे’ प्रत्ययाचे काम करतो. म्हणजे ‘इकेमची गढी’. फ्रान्सच्या नैऋत्येकडील बोर्दो परिसरात वाइन करणाऱ्या बहुतेक मळ्यांना शातो म्हणण्याची रूढी असल्यामुळे नावात शातो असूनही प्रत्यक्षात साधे कौलारू घर असलेले मळे तेथे पुष्कळ आहेत. इकेमला मात्र बुरूज असलेली खरीखुरी गढी आहे. बोर्दो शहराच्या आग्नेयेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, गारोन नदीच्या डाव्या तीरापासून थोडे आत, सोतेर्न या गावाच्या शिवारात एका टेकडीवर ती उभी आहे आणि तिच्या भोवती उतारावर सुमारे शंभर हेक्टर द्राक्षवेली आहेत. ही टेकडी फार उंच नाही, पण आसपासच्या भागात तीच सर्वांत वरची असल्यामुळे तिच्यावर वारा खेळता राहतो. या वाऱ्याचे महत्त्व पुढच्या उत्तरात कळेल.

प्रश्न : आमच्या बागेत घडकूज दिसली की त्या वर्षीचे कर्ज डोळ्यांपुढे उभे राहते. फ्रान्समध्ये मात्र कुजलेल्या द्राक्षांचीच वाइन सर्वांत महाग विकली जाते, असे वाचले. ही बुरशी कोणती? आपल्याकडे तिचा असा उपयोग का होत नाही? (एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका)

उत्तर : प्रथम एक गैरसमज दूर करू. ही बुरशी म्हणजे आपली भुरी नव्हे आणि डाऊनीही नव्हे. तिचे शास्त्रीय नाव बोट्रायटिस सिनेरिया, आणि करड्या रंगामुळे तिला करडी बुरशी म्हणतात. फ्रान्समध्येही ती बहुतेक बागायतदारांची शत्रूच आहे. मणी फुटलेला असेल, पाऊस लागून राहिला असेल किंवा फळ कच्चे असेल, तर ही बुरशी घड सडवते, मागोमाग आंबट वास येतो आणि तो माल फेकून द्यावा लागतो. पण मणी पूर्ण पिकलेला, साल अखंड, पहाटे ओलावा आणि दुपारी कोरडे ऊन, असे सगळे एकाच वेळी जुळून आले तर तीच बुरशी वेगळी वागते. तिचे तंतू सालीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पाडतात, त्या छिद्रांतून मण्यातले पाणी उडून जाते आणि दुपारच्या कोरड्या हवेमुळे बुरशीला सडवण्याइतका जोर धरता येत नाही. मणी आधी तपकिरी-जांभळा होतो, मग आक्रसतो, आणि त्याच्यातला रस जवळजवळ निम्मा आटून पाकासारखा होतो. फ्रेंच लोक या अवस्थेला जे नाव देतात, त्याचे मराठी ‘उमदी कूज’ असे करता येईल.

असे हवामान दर शरदात मिळावे, ही सोतेर्नची भौगोलिक मिळकत आहे. सिरों नावाची एक लहान नदी पाइन वृक्षांच्या अरण्यातून, सावलीतून वाहत येते आणि त्यामुळे तिचे पाणी थंड असते. ती जेथे अधिक रुंद आणि उबदार गारोनला मिळते, तेथे शरद ऋतूत रात्री धुके उठते आणि सकाळपर्यंत मळ्यांवर बसून राहते. दिवस वर आला की ऊन आणि वारा ते धुके पुसून टाकतात. सकाळ बुरशीची आणि दुपार शेतकऱ्याची, अशी ही वाटणी आठवडेच्या आठवडे चालावी लागते. सिरोंच्या खोऱ्यातून वेगवान रेल्वेमार्ग नेण्याच्या योजनेला तेथील मळेवाले का विरोध करत आले आहेत, हे यावरून ध्यानात येईल. त्यांच्या दृष्टीने त्या नदीवरची सावली हटणे म्हणजे धुके धोक्यात येणे होय.

मात्र ही बुरशी सगळ्या बागेवर एकाच दिवशी येत नाही. एकाच घडात काही मणी अजून सोनेरी, काही तपकिरी आणि काही पूर्ण आक्रसलेले असतात. म्हणून इकेमवर तोडणी करणारे सुमारे दीडशे मजूर एकाच ओळीतून पुन्हा पुन्हा फिरतात आणि प्रत्येक फेरीत फक्त तयार झालेले मणी किंवा घडाचा तेवढाच तुकडा काढून घेतात. साधारणपणे अशा पाच-सहा फेऱ्या होतात, काही वर्षी त्याहून अधिक, आणि तोडणी सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत लांबते. उत्पादनाचा आकडा तर आपल्याकडच्या बागायतदाराला खोटा वाटेल. सोतेर्नच्या नियमांनुसार हेक्टरी २५०० लिटरपर्यंत वाइन काढता येते, पण इकेमवर सरासरीने हेक्टरी सुमारे ९०० लिटरच निघते. एकराच्या हिशेबात या जेमतेम पाचशे बाटल्या होतात. एका वेलीला एक पेला, असे तेथे म्हटले जाते आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

आता आपल्याकडचे पाहू. नाशिक भागात एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी (फळासाठी) होते, आणि माल जानेवारीनंतर तयार होतो. मणी गोड होऊ लागतात तेव्हा हवा कोरडी आणि उत्तरोत्तर तापत जाणारी असते. धुके आणि दव आपल्याकडेही पडते, पण ते बहुधा मणी अजून तयार व्हायचे असताना, आणि तेव्हा ते रोगच घेऊन येते. माल पिकल्यावर ओलावा आलाच, तर तो अवकाळी पावसाच्या रूपाने येतो आणि मणी तडकवतो. शिवाय इकेमची मुख्य जात सेमियों ही पातळ सालीची आणि या बुरशीला लवकर वश होणारी आहे. नाशिकमध्ये शेनिन ब्लां जातीची द्राक्षे वेलीवर अधिक काळ ठेवून, साखर वाढवून गोड वाइन केली जाते आणि ती चांगलीही असते, पण तिचा मार्ग निराळा आहे. तेव्हा हे उत्तर वाचून कोणी फवारणी थांबवू नये, ही विनंती.

प्रश्न : आम्ही द्राक्षे वाळवून बेदाणा करतो. पाणीच कमी करायचे असेल तर बेदाण्यापासून तीच वाइन होणार नाही का? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : वाळवलेल्या द्राक्षांची वाइन युरोपात होते. इटलीत ती अनेक ठिकाणी करतात, आणि फ्रान्सच्या पूर्वेकडील ज्युरा भागात पेंढ्यावर द्राक्षे पसरून किंवा टांगून ती करण्याची जुनी पद्धत आहे. त्या वाइन आपापल्या परीने उत्तम असतात, पण इकेमसारख्या नसतात, कारण वाळवताना फक्त पाणी जाते आणि बाकीचे सगळे जसेच्या तसे घट्ट होते. बुरशी मात्र पाणी घालवताना स्वतः जेवतेही. ती काही साखर खाते, काही आम्ल खाते, ग्लिसरॉलसारखे नवे पदार्थ तयार करते आणि सुगंधाची मूळ घडणच बदलून टाकते. जर्दाळू, मध, संत्र्याची साल आणि केशर यांची आठवण देणारा जो वास इकेमच्या पेल्यातून येतो, तो ताज्या सेमियोंच्या मण्यात शोधून सापडत नाही.

पुढची प्रक्रियाही थोडक्यात सांगतो. मण्यांवर साधारणपणे तीन वेळा दाब दिला जातो. इतर वाइनच्या बाबतीत पहिल्या दाबाचा रस उत्तम आणि शेवटचा हिणकस मानतात. येथे उलट आहे, कारण सर्वांत आटलेले मणी आपला रस सर्वांत शेवटी सोडतात आणि तो सर्वांत गोड असतो. रस नव्या ओकच्या पिंपांत आंबवला जातो. त्यातली सगळी साखर आंबली असती तर मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास गेला असता. पण साडेतेरा-चौदा टक्क्यांपाशी आंबणे थांबते आणि लिटरमागे सुमारे १२० ते १५० ग्रॅम साखर शिल्लक राहते. इतकी साखर असूनही वाइन चिकट वा बोजड लागत नाही, याचे श्रेय तिच्यातल्या आम्लाला. ताकात साखर घातली तरी त्याचे ताकपण जात नाही, तसे काहीसे येथे घडते. नंतर ही वाइन पिंपांतच मुरू दिली जाते. पूर्वी तीन-साडेतीन वर्षे, अलीकडे त्याहून थोडी कमी.

प्रश्न : हा मळा किती जुना आहे? फ्रेंच राज्यक्रांतीत सरदारांच्या जमिनी गेल्या, मग तो त्याच घराण्याकडे कसा राहिला? (इतिहासाची एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : बाराव्या शतकापासून १४५३ पर्यंत हा सगळा प्रदेश इंग्लंडच्या राजघराण्याच्या अधिकाराखाली होता, आणि बोर्दोच्या वाइनला इंग्लंडची बाजारपेठ मिळाली ती याच काळात. इकेमचा सलग इतिहास मात्र त्यानंतरचा आहे. १५९३ मध्ये झाक सोव्हाज या स्थानिक घराण्यातील गृहस्थाला इकेमची जमीन वहिवाटीसाठी मिळाली. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर मालकी राजाची आणि कब्जा यांचा. पुढे १७११ मध्ये, चौदाव्या लुईच्या राजवटीच्या अखेरीस, सोव्हाज घराणे पूर्ण मालक झाले. म्हणजे मिरासदार होण्यासाठी त्यांना शंभराहून अधिक वर्षे लागली.

१७८५ मध्ये या घराण्यातील फ्रांस्वाज-जोझेफिन हिचा विवाह काउंट लुई-आमेदे द ल्यूर-साल्यूस यांच्याशी झाला, आणि इकेम हे नाव ज्या आडनावाशी पुढे दोनशे वर्षे जोडले गेले ते घराणे असे या मळ्यावर आले. तीनच वर्षांनी, १७८८ मध्ये, काउंट घोड्यावरून पडून वारले. त्या वेळी त्यांची पत्नी वीस वर्षांची होती, आणि पुढच्याच वर्षी राज्यक्रांती सुरू झाली. सरदारघराण्यातील विधवा म्हणून तिला त्या धामधुमीत दोन वेळा कैद झाली. पण ती जिवंत सुटली, देश सोडून गेली नाही, आणि मळा तिच्या हातून गेला नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी येथेच आहे. परदेशी पळून गेलेल्या सरदारांच्या मालमत्ता जप्त करून विकल्या जात होत्या, आणि ही बाई जागेवर राहिली.

तिच्याविषयी आणखी थोडे लिहिले पाहिजे, कारण आमच्या मते आजचे इकेम ही मुख्यतः तिची निर्मिती आहे. तिने १८५१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे साठाहून अधिक वर्षे, मळ्याचा कारभार पाहिला. १८२६ मध्ये तिने मळ्यावरच वाइन मुरवण्यासाठी मोठे कोठार बांधले. त्या काळात बोर्दोचे व्यापारी पिंपे आपल्या गोदामांत नेऊन वाइन स्वतःच मुरवत असत, तेव्हा मालकिणीने ते काम स्वतःच्या छताखाली ठेवणे ही साधी गोष्ट नव्हती. तिच्यानंतर नातू रोमें-बेरत्रां याच्याकडे कारभार आला. १८५९ मध्ये रशियाच्या झारचा भाऊ ग्रँड ड्यूक कॉन्स्टन्टाइन याने १८४७ सालच्या वाइनच्या ९०० लिटरसाठी वीस हजार सुवर्ण फ्रँक मोजले, ते याच नातवाच्या काळात. त्याच शतकात टेकडीच्या पोटातील चिकणमातीत साचणारे पाणी काढून देण्यासाठी जमिनीखाली मातीच्या नळांचे जाळे घातले गेले. त्याची एकूण लांबी सुमारे शंभर किलोमीटर भरते आणि त्याची देखभाल आजही करावी लागते. वर खडे-वाळू आणि खाली पाणी धरून ठेवणारी चिकणमाती अशी ही जमीन आहे. कोरड्या वर्षी ती वेलींना तहानेने मरू देत नाही, आणि ओल्या वर्षी हे नळ त्यांना बुडू देत नाहीत.

पहिल्या महायुद्धात गढीमध्ये लष्करी रुग्णालय होते. नंतर १९६८ पर्यंत बेरत्रां द ल्यूर-साल्यूस आणि त्यांच्या मागून त्यांचे पुतणे आलेक्सांद्र यांनी मळा सांभाळला. त्याच्या पुढची कथा कोर्टकचेरीची आहे. ती एका वेगळ्या प्रश्नाच्या उत्तरात येईल.

प्रश्न : असे सांगतात की इकेमचा मालक रशियात शिकारीला गेला होता, परतायला उशीर झाला, तोवर द्राक्षे कुजली, आणि त्यातून ही वाइन योगायोगाने जन्मली. हे खरे आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. ही कथा १८४७ सालची म्हणून सांगतात, पण इकेमच्या कागदपत्रांत १६६६ सालचा एक करार आहे, आणि या शिवारात ऑक्टोबरच्या मध्यापूर्वी तोडणी करण्याची रीत नाही असे त्यातून दिसते. उशिरा तोडणी आणि गोडी ही तेथे जवळजवळ दोन शतके आधीच ओळखीची गोष्ट होती. गंमत अशी की हीच कथा जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या योहानिसबर्ग मळ्याविषयी सांगतात. तेथे १७७५ मध्ये तोडणीची परवानगी घेऊन येणारा घोडेस्वार उशिरा पोहोचला. हंगेरीतील तोकायविषयीही सांगतात. तेथे तुर्कांच्या स्वारीच्या भीतीने तोडणी लांबली. एकच चमत्कार तीन गावांनी आपापल्या संताच्या नावावर सांगावा, असा हा प्रकार आहे. आम्हाला वाटते की कथा टिकली याचे कारण उघड आहे: बुरशी आलेले फळ कोणी शहाण्या माणसाने जाणूनबुजून तोडले असेल, हे मानण्यापेक्षा अपघातावर विश्वास ठेवणे सोपे जाते.

प्रश्न : १८५५ च्या प्रसिद्ध वर्गवारीत इकेमचे स्थान काय होते? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसला भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी आपल्या भागातील वाइनची यादी केली. त्यांनी चव घेण्याच्या स्पर्धा भरवल्या नाहीत. कोणत्या मळ्याची वाइन बाजारात वर्षानुवर्षे काय भावाने जाते, हे त्यांच्या वह्यांत होते आणि त्यावरूनच श्रेणी ठरल्या. लाल वाइनमध्ये लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों हे चार मळे पहिल्या श्रेणीत बसले. (मराठी वाचकाने लातूर हे नाव वाचून दचकू नये, त्याचा अर्थ ‘बुरूज’ एवढाच आहे.) सोतेर्न भागातील गोड पांढऱ्या वाइनची यादी वेगळी होती. तिच्यात पहिली श्रेणी आणि दुसरी श्रेणी होतीच, पण त्यांच्याही वर ‘श्रेष्ठ पहिली श्रेणी’ असा एक कप्पा करून त्यात इकेम हे एकच नाव लिहिले गेले. लाल वाइनच्या यादीत असा कप्पाच नाही. म्हणजे त्या वर्षी दोन्ही याद्या मिळून सर्वांत वरची पायरी एकट्या इकेमची होती, आणि ती एका व्यापारी हिशेबातून आलेली असल्यामुळे तिच्यावर पक्षपाताचा आरोप करणे अवघड आहे.

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो. व्हर्जिनियात थॉमस जेफर्सन यांचे मॉंटिसेलो हे घर पाहिले, तेव्हा त्यांच्या फ्रेंच वाइनच्या आवडीविषयी ऐकले. त्यांच्या नावाच्या इकेमच्या बाटल्या सापडल्या होत्या, त्या खऱ्या होत्या का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : जेफर्सन यांची आवड खरी, बाटल्या मात्र संशयित. अमेरिकेचे राजदूत म्हणून पॅरिसमध्ये असताना ते १७८७ च्या मे महिन्यात बोर्दोला गेले, तेथील मळ्यांच्या दर्जाची नोंद त्यांनी करून ठेवली, आणि नंतर व्यापाऱ्याला वगळून थेट इकेमच्या मालकाकडे १७८४ सालच्या वाइनच्या २५० बाटल्या मागवल्या. पुढे मायदेशी परतल्यावर त्यांनी अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्यासाठीही ही वाइन मागवली. हा सगळा पत्रव्यवहार उपलब्ध आहे.

बाटल्यांची गोष्ट दोनशे वर्षांनंतरची. १९८० च्या दशकात हार्डी रोडेनस्टॉक या जर्मन संग्राहकाने, पॅरिसमधील एका बंद तळघरात सापडल्याचे सांगून, जेफर्सन यांची आद्याक्षरे कोरलेल्या अठराव्या शतकातील बाटल्या पुढे आणल्या. त्यांत लाफित होती, तशी इकेमही होती. त्यांतील १७८७ सालची लाफितची बाटली डिसेंबर १९८५ मध्ये लंडनला ख्रिस्तीजच्या लिलावात एक लाख पाच हजार पौंडांना गेली. पण आपल्या वाइनखरेदीची बारीक नोंद ठेवणाऱ्या जेफर्सन यांच्या कागदांत त्या बाटल्यांचा पुरावा मॉंटिसेलोच्या अभ्यासकांना सापडला नाही. पुढे अमेरिकन उद्योगपती बिल कोक यांनी स्वतः विकत घेतलेल्या बाटल्यांची तपासणी करवली, तेव्हा त्यांवरील अक्षरे विजेवर चालणाऱ्या आधुनिक अवजाराने कोरलेली असल्याचा निष्कर्ष त्यांच्या तज्ज्ञांनी काढला, आणि २००६ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. रोडेनस्टॉक यांनी आरोप शेवटपर्यंत नाकारले. त्या बाटल्या नेमक्या कुठल्या तळघरात आणि कोणाकडून मिळाल्या, हे मात्र त्यांनी कधी सांगितले नाही.

प्रश्न : काही वर्षी इकेम निघतच नाही, असे ऐकले. मग त्या वर्षीच्या वाइनचे काय करतात? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : विसाव्या शतकात १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४ आणि १९९२ या नऊ वर्षी, आणि या शतकात २०१२ मध्ये, इकेमच्या नावाने एकही बाटली बाहेर पडली नाही. द्राक्षे लागली होती, तोडणीही झाली होती, बहुधा पिंपेही भरली होती; पण बुरशीची चाल बिघडली किंवा पावसाने घात केला आणि मालकांच्या मते वाइन नावाला साजेशी उतरली नाही. अशी वाइन निनावी करून व्यापाऱ्यांना घाऊक विकली जाते, आणि ती विकत घेणाऱ्याला तिचे कूळ सांगितले जात नाही. चांगल्या वर्षीही प्रत्येक पिंपाची परीक्षा होते व काही पिंपे बाहेर काढली जातात.

हा निर्णय कागदावर जितका बाणेदार दिसतो तितकाच हिशेबाच्या वहीत क्रूर असतो. १९७२ आणि १९७४ ही दोन वर्षे पाहा. मजुरी, पिंपे, कर सगळे खर्च झालेले, आणि तीन वर्षांत दोनदा उत्पन्न नाही; तेही अशा काळात, जेव्हा गोड वाइनची मागणीच घटली होती आणि शेजारच्या मळ्यांना वेली उपटून टाकाव्यात असे वाटू लागले होते. इकेमचा दर्जा कशात आहे असे कोणी विचारले, तर आम्ही टेकडी आणि धुक्याच्या आधी या वर्षांकडे बोट दाखवू. टेकडीवरचे उतार शेजाऱ्यांकडेही आहेत आणि धुके तर सगळ्यांवरच पडते.

जी द्राक्षे बुरशीने पूर्ण पछाडलेली नसतात, त्यांच्यापासून १९५९ पासून ‘इग्रेक’ नावाची एक कोरडी पांढरी वाइनही केली जाते. इकेमच्या रोमन लिपीतील आद्याक्षराचे ते फ्रेंच नाव आहे. पूर्वी ती अधूनमधून निघे, आता जवळजवळ दर वर्षी निघते.

प्रश्न : आता हा मळा चैनीच्या वस्तू विकणाऱ्या कंपनीच्या ताब्यात आहे. मग जुने वैशिष्ट्य उरले आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : १९९६ मध्ये एलव्हीएमएच या उद्योगसमूहाने इकेमचे बहुसंख्य भाग विकत घेतल्याचे जाहीर झाले. ते भाग विकणारे ल्यूर-साल्यूस घराण्यातीलच होते. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत गेल्यामुळे भागधारक डझनावारी झाले होते, पैकी बहुतेकांना मळ्यापासून प्रतिष्ठेपलीकडे फारसे काही मिळत नव्हते, आणि मळा चालवणारे आलेक्सांद्र विकायला तयार नव्हते. सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे चढलेली शेतजमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यापुढचे सांगायला नको. अडीच वर्षे वाद चालला, १९९९ मध्ये तडजोड झाली, आणि आलेक्सांद्र नव्या मालकांच्या वतीने व्यवस्थापक म्हणून २००४ पर्यंत राहिले. त्यानंतर पिएर ल्युर्तों आले. बोर्दोच्याच शव्हाल ब्लां या नामांकित मळ्याचा कारभारही त्यांच्याकडे होता. आलेक्सांद्र आपल्या घराण्याच्याच मालकीच्या फार्ग या दुसऱ्या मळ्यावर वाइन करत राहिले आणि २०२३ मध्ये वारले.

वैशिष्ट्य उरले का, याविषयी जाणकारांत दोन मते आहेत. नव्या काळातली वाइन अधिक तजेलदार आणि थोडी हलकी झाली, असे अनेकांना वाटते. काहींना तीच सुधारणा वाटते आणि काहींना जुने भारदस्तपण हरवल्याचे दुःख होते. आम्ही एवढेच नोंदवतो की २०१२ ची वाइन न काढण्याचा निर्णय कंपनीच्या काळातला आहे, आणि भागधारकांना जाब देणाऱ्या व्यवस्थापकाने तो घेतला. विक्रीचा थाट मात्र निश्चित बदलला. घराण्याच्या काळात ही वाइन काही वर्षे मुरल्यावर बाटलीतच विकली जात असे. नव्या मालकांनी बोर्दोच्या इतर मळ्यांप्रमाणे ती पिंपात असतानाच आगाऊ विकण्याची रीत सुरू केली. पुढे त्यांनी ती रीत सोडून दिली.

प्रश्न : परदेशातून आलेल्या नातेवाइकांनी इकेमची अर्धी (निम्म्या मापाची) बाटली भेट दिली आहे. ती केव्हा उघडावी, कशाबरोबर घ्यावी, आणि ती खराब होईल का? (एक वाचक, दादर)

उत्तर : आधी लेबलावरचे वर्ष पाहावे. चांगल्या वर्षाची इकेम पन्नास वर्षे, कधी शंभर वर्षेही टिकते; साखर, आम्ल आणि मद्यार्क ही तिन्ही तिचे रक्षण करतात. नवी असताना ती फिकट सोनेरी असते, मग गडद सोन्यासारखी, त्यानंतर कोऱ्या चहासारखी होते, आणि चव मधाकडून भाजक्या साखरेकडे सरकत जाते. दहा वर्षांच्या आत उघडली तर काही बिघडत नाही, थोडी घाई मात्र होते. अर्धी बाटली पूर्ण बाटलीपेक्षा लवकर मुरते, एवढे लक्षात ठेवावे.

मुंबईच्या हवेत ती कपाटावर किंवा देवघराशेजारच्या फडताळात ठेवू नये. एक उन्हाळाही तिला जड जाईल. वाइनसाठीचे शीतकपाट नसेल, तर फ्रिजच्या सर्वांत कमी थंड कप्प्यात आडवी ठेवावी आणि मग दशकभर वाट पाहण्याचा विचार सोडून द्यावा. पिताना ती दहा-बारा अंशांपर्यंत थंड असावी; बर्फासारखी गार केली तर सुगंधच बसून जातो. फ्रेंच लोक ती बदकाच्या किंवा हंसाच्या यकृताबरोबर, अथवा रोकफोर या निळ्या शिरांच्या खारट चीजबरोबर घेतात. आपल्याकडे पाहुण्यांना ती गुलाबजाम किंवा श्रीखंडाबरोबर देण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण पक्वान्न वाइनहून गोड असले की वाइन आंबट लागते. खारवलेले काजू किंवा बदाम चालतील. भरीला काही नसले तरी चालेल. उघडल्यावर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर ती आठवडाभर चांगली राहते, तेव्हा चार माणसांत अर्धी बाटली एकाच बैठकीत संपवलीच पाहिजे असे नाही.